कानटोपीतली सुपारी

अरुंधतीनं कानटोपी झटकली आणि तिच्यातून कातरलेली सुपारी टणटणत फरशीवर पडली.

गोविंदा नुकताच बालक मंदिरातून आला होता. उंबऱ्याशी बसून पायातले मोजे ओढत होता. टोपी लाल लोकरीची होती, कानांवर दुहेरी पट्टी, हनुवटीखाली बांधायला बंद. दिवाळीच्या फराळाच्या धबडग्यात अरुंधतीनं ती स्वतः विणली होती. तिनं ती नाकाशी नेली. तंबाखूचा वास! चार वर्षांचं पोर तंबाखू खात नाही, आणि बालक मंदिराच्या बाईही खात नसाव्यात. या घरात सुपारी-तंबाखूची पुडी फक्त एकाच कोटाच्या खिशात असते.

"गोविंदा, सायकलवर टोपी कुठं असते रे तुझी?"

"बाबांच्या खिशात," गोविंदानं सरळ सांगून टाकलं. "पानठेला आला की काढायची. ओमकाका म्हणतात, बंदर आया, बंदर आया."

"मग परत कधी घालायची?"

"नाही घालायची. शाळेत गेलो की बाबा पिशवीत टाकून देतात."

अरुंधतीनं सुपारीचे तुकडे एकेक करून वेचले आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवले.

गोविंदाचा डावा कान पावसाळ्यात वाहत होता. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी आत दिवा घालून पाहिलं आणि पडद्याला भोक पडल्याचं सांगितलं. लहान आहे, भोक आपोआप भरेल. पण सर्दी होऊ द्यायची नाही, कानात पाणी नको, गार वारा नको. पुन्हा वाहिला तर ऑपरेशन, आणि ऑपरेशननंतर ऐकू किती येईल याची हमी कुणी देणार नाही. गोविंदाचे बाबा, मनोहरराव, शेजारच्याच खुर्चीवर बसून मान डोलवत होते. त्या दिवसापासून अरुंधती रोज संध्याकाळी गोविंदाच्या पाठीमागे उभी राहून डाव्या बाजूनं हळूच म्हणायची, "लिमलेट." गोविंदा हात पुढे करून वळायचा, पण उजवीकडे वळायचा. गोळी त्याला मिळायची. अरुंधती मात्र स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी लावत बसायची.

आणि हा मान डोलवणारा बाप शुक्रवारी नावाच्या तलावावरून धंतोलीतल्या बालक मंदिरापर्यंत, पौषातल्या झोंबऱ्या वाऱ्यात, पोराला सायकलच्या हँडलला अडकवलेल्या वेताच्या खुर्चीत बसवून उघड्या कानांनी नेत होता. कशासाठी, तर पानठेल्यावर उभ्या असलेल्या चार रिकामटेकड्यांनी हसू नये म्हणून.

तसं पाहिलं तर मनोहररावांनी स्वतःच्या कानांचेही काही लाड केले नव्हते. त्यांच्या कपाळावर केसांचा एक कोंबडा होता. सकाळी पाणी, मग तेल, मग फणी, मग आरशासमोर डावीकडून, उजवीकडून दर्शन. त्या कोंबड्यावर टोपी बसली तर तो झोपणार, आणि तो झोपला तर कचेरीतलं सरकारी काम बंद पडणार, अशी त्यांची समजूत असावी. कान लाल भडक करून, नाक पुसत ते परत यायचे आणि वर सांगायचे, "मस्त हवा आहे हो बाहेर!"

हाच माणूस एप्रिल लागला रे लागला की कानांना जिवापाड जपायचा. पांढरा लांबरुंद दुपट्टा डोक्यावरून, कानांवरून, नाकावरून असा काही गुंडाळायचा की नुसते दोन डोळे दिसावेत. लू, म्हणजे उन्हाची झळ, लागू नये म्हणून खिशात कांदा. तेव्हा कोंबडा कुठं जायचा कोण जाणे. सगळं नागपूरच त्या दिवसांत दरोडा घालायला निघाल्यासारखं दिसतं आणि कुणी कुणाला हसत नाही. या गावाला वाटतं, वैरी म्हणजे ऊन. थंडीला मात्र घरचा पाहुणा समजून छाती उघडी टाकून सामोरं जायचं!

रात्री जेवताना तिनं पदराची गाठ सोडली आणि सुपारी मनोहररावांच्या ताटाजवळ ठेवली.

"हे काय?"

"गोविंदाच्या टोपीत होती. म्हटलं, तुमची राहून गेली असेल."

मनोहररावांनी सुपारीकडे पाहिलं, शेजारी जेवत बसलेल्या आपल्या आईकडे पाहिलं, आणि वरणाची वाटी उचलली. "अगं, चार लोक हसतात. पोरगंच लाजतं."

"पोरगं लाजत नाही. पोराला लाजायला शिकवलं जातं. मे महिन्यात चार लोक हसत नाहीत वाटतं तुमच्या दुपट्ट्याला?"

"तेव्हा सगळेच बांधतात ना."

अरुंधती त्यांच्याकडे बघतच राहिली. बी. एस्सी.ला तिनं बेडकापासून झुरळापर्यंत बरंच काही चिरून पाहिलं होतं, पण इतकी साधी रचना तिच्या पाहण्यात आली नव्हती. सगळे बांधतात तर बांधायचं, सगळे सोडतात तर सोडायचं. मध्ये पोराचा कान गेला तर गेला.

सासूबाईंना, रुखमाबाईंना, लेकाची कड घेतल्याशिवाय घास जात नसे. "लेकराले इतकं झाकून ठेवशील, तर गड्यावानी कसा होईन वं तो? आमच्या मनोहरले कधी टोपी घातली नाही म्या."

"ते दिसतंच आहे," अरुंधती म्हणाली आणि भात वाढायला उठली.

सकाळी मनोहरराव आरशापुढे कोंबडा उभा करत होते तेव्हा परसात काहीतरी खडखडलं. अरुंधतीची कॉलेजातली लेडीज सायकल लग्नात तिच्याबरोबरच आली होती आणि तेव्हापासून न्हाणीच्या भिंतीला टेकून होती. तिच्या कॅरियरवर सासूबाई भिवापुरी मिरच्यांचं पोतं ठेवत. अरुंधतीनं पोतं खाली उतरवलं, शिंकली, चाकांत हवा भरली, साखळीला तेल सोडलं आणि वेताची खुर्ची या सायकलच्या हँडलला अडकवली. मग आत जाऊन ट्रंक उघडली. तळाशी डांबराच्या गोळ्यांत उन्हाळ्याचा दुपट्टा घडी करून ठेवलेला होता. तो तिनं डोक्यावरून घेतला, कानांवरून फिरवला, नाकावर ओढला आणि मानेमागे गच्च गाठ मारली.

रुखमाबाई चुलीपुढून उठून आल्या. "काहून वं सुनबाई? पुसाच्या महिन्यात लू लागून राहिली का तुले?"

"हो, आई. तलावावर फार लागते."

"आन् लोकं पाह्यतीन तं काय म्हणतीन?"

"ते मी ऐकणारच नाही. कान बांधलेत ना."

मनोहरराव हातात फणी घेऊन दारात आले. कोंबडा अर्धाच उभा होता. "अरुंधती, हे काय सोंग? मी नेतो त्याला. घालतो त्याला टोपी, बस्स?"

"पानठेल्यापर्यंत घालाल. पुढचं मला बघू द्या."

त्यांनी आईकडे पाहिलं. रुखमाबाई मिरच्यांचं पोतं ओढून भिंतीला लावत होत्या. "माह्याकडे काय पाहून राहिला गा? सुनबाई घाल म्हणे तवा लेकराले टोपी घालाची होती."

पहिल्या दिवशी सायकल तलावाच्या वळणावर इतकी डुगडुगली की गोविंदानं डोळे मिटून घेतले. मफलर गुंडाळलेला एक दूधवाला तिला आपल्यातलाच कुणी समजून "राम राम" करून गेला. शेजारणीनं दुपारी मुद्दाम येऊन विचारलं, दात दुखतो का, म्हणून. अरुंधतीनं दात, दाढ, कान, सगळं उत्तम असल्याचं सांगितलं. पानठेल्यावर ओमप्रकाश आणि त्याची मंडळी हातातलं पान हातातच ठेवून बघत राहिली. ओमप्रकाशला कापडाच्या दुकानात वडिलांनी बसवलं होतं, पण तो दुकानात कमी आणि ठेल्यावरच जास्त बसायचा. दुसऱ्याच्या मुलाच्या टोपीवर बोलायला त्याला फुरसतच फुरसत होती.

संध्याकाळच्या लिमलेटच्या परीक्षेत गोविंदा उजवीकडेच वळत होता. ती रोज नेत होती, रोज विचारत होती. मनोहरराव वर्तमानपत्राआडून बघायचे. एकदा त्यांनीच मागून, डावीकडून, "लिमलेट" म्हटलं. पोरगं उजवीकडे वळलं. त्यानंतर त्यांनी पान उलटलं नाही. बराच वेळ एकाच बातमीवर बसून राहिले. अरुंधतीला बरं वाटलं, मग वाईट वाटलं, मग दोन्हींचा राग आला.

संक्रांत दोन दिवसांवर आली तेव्हा थंडी अशी पडली की तलावावरून वाफा निघत होत्या. ठेला रस्त्याच्या डाव्या हाताला. ओमप्रकाश शेकोटीवर हात शेकत उभा होता. सायकल जवळून गेली तेव्हा अरुंधतीला त्याचे ओठ हललेले दिसले. शब्द काही तिच्या दुपट्ट्यातून आत आला नाही. उजवीकडून एक टांगा खडखडत चालला होता.

खुर्चीतली लाल टोपी झटक्यानं वळली. डावीकडे, सरळ ठेल्याकडे.

"आई! ओमकाका तुला डाकू म्हणाले!"

अरुंधतीनं ब्रेक दाबला. पाय जमिनीवर टेकले. "कुणी म्हटलं? कुठून?"

"त्या काकांनी. हळूच म्हणाले." गोविंदानं लोकरी हातमोज्यातलं बोट बरोबर ओमप्रकाशवर रोखलं.

ओमप्रकाशचा हात शेकोटीवर तसाच राहिला. "नाही भाभीजी, मैं तो... मी तं असंच, मजाक..."

अरुंधतीनं नाकावरचा दुपट्टा खाली ओढला. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. हे दृश्य ठेल्यावरच्या कुणालाच झेपलं नाही. एकानं पान तोंडात टाकून तोंड बंद केलं.

"अजून एकदा म्हणा," ती म्हणाली.

"काय, भाभीजी?"

"तेच. पण आणखी हळू म्हणा."

ओमप्रकाशनं आजूबाजूला पाहिलं. ठेल्यावर त्याच्या मदतीला कुणीच नव्हतं. त्यानं मान खाली घातली आणि शेकोटीशी बोलावं तसं पुटपुटला, "डाकू."

"पुन्हा म्हणाले!" गोविंदा डावीकडे वळून ओरडला.

अरुंधतीनं दुपट्टा पुन्हा नाकावर ओढला, टोपीचे बंद पुन्हा घट्ट केले आणि पॅडल मारलं.