उघड्या खिडकीचा पट्टा

मी एक जुना रबरी पट्टा आहे. हसू नका, मित्रांनो. सायकलच्या फाटक्या ट्यूबमधून मला कापले, त्यामुळे माझे बारसे वगैरे काही झाले नाही. पण काम मिळाले ते मानाचे. दीपगृहाच्या राखणदाराने माझे एक टोक खिडकीच्या दाराला बांधले, दुसरे भिंतीतल्या खुंटीला, आणि मला ताणून गाठ मारली. समुद्राकडची ती खिडकी दिवसभर उघडी धरायची.

हे सारे त्यांच्या लेकीसाठी. ठकीला दमा होता. समुद्राची स्वच्छ हवा मिळावी म्हणून बाबांनी शहर सोडून ही आडबाजूची नोकरी धरली होती. दुपारी ते तिला खिडकीशी बसवून दीर्घ श्वास घ्यायला लावत. "पट्टा भक्कम आहे हं," असे म्हणत, तेव्हा मी फुशारून जाई.

मग माझ्या अंगावर बारीक आडव्या चिरा पडू लागल्या. त्याच दिवसांत ठकीचा खोकलाही वाढला. ऊन कडक आणि वारा समुद्रावरून असला की दोघांचेही हाल. बाबा घाबरून खिडकी आणखी उघडत, मला आणखी ताणत. माझा जीव टांगणीला लागला. जिच्यासाठी राबत होतो, तिचाच घास आपण घेत आहोत की काय, या भीतीने मी पोखरून गेलो.

एकदा हवामान खात्याच्या बाई वारा मोजायचे यंत्र तपासायला आल्या. ठकीला खोकताना ऐकून त्या खिडकीशी आल्या आणि त्यांनी मला बोटावर वाकवून पाहिले. गाठीपुढचे माझे लोंबते टोक गुळगुळीत होते. चिरा होत्या फक्त ताणलेल्या भागावर.

"दादा, ऊन तर दोन्ही भागांवर पडतं," बाई म्हणाल्या. "ताणलेल्या रबराला असा चिरतो तो ओझोन. छातीलाही तोच झोंबतो."

बाबांना पटेना. ओझोन तर आपल्याला राखतो, असे ते शाळेत शिकले होते. शिवाय इथे जवळपास एकही धुराडे नव्हते. बाईंनी समजावले, उंचावरचा राखतो, जमिनीलगतचा बाधतो. धूर पलीकडच्या किनाऱ्यावरचा. त्यातल्या वायूंपासून वाटेत उन्हाने ओझोन बनतो आणि वारा तो समुद्र ओलांडून आणतो. त्याला नाक्यावर कोण अडवणार? इथे त्याची थोडीच भर पडते, पण नाजूक छातीला तेवढीही पुष्कळ होते.

 "मीच तिला रोज इथे बसवत होतो," बाबा म्हणाले. मग त्यांनी माझी दाराकडची गाठ सोडली आणि खिडकी लावून घेतली.

ठकीने विचारले, "बाबा, मग आता श्वास कुठे घ्यायचा?"

 मी तेव्हापासून खुंटीला नुसता लोंबतो आहे. मित्रांनो, धूर दिसेनासा झाला म्हणजे संपला, असे समजू नका. समुद्रापलीकडे कोणीतरी आपल्या लेकीसाठी खिडकी उघडून बसलेले असते.