तीनदा ओढलेली दोरी

"हळू रे, डोक्याच्या बाजूला कुदळ नको," मारुसोवहिनी म्हणाली. तसा कबर खणणाऱ्या आर्बेननं कुदळ बाजूला ठेवली आणि खड्ड्यात गुडघे टेकून हातानंच माती काढायला लागला.

मी सरूच्या झाडाला टेकून उभा होतो. खरं सांगतो, त्या वेळी मी देवाजवळ एकच मागत होतो, की सिदेरिस अजून मातीत विरलेला नसावा.

आमच्याकडे पुरलेल्या माणसाला तीन वर्षांनी वर काढतात. ग्रीसच्या किनाऱ्यावरचं आमचं गाव एर्मिओनी म्हणजे समुद्रात शिरलेली जमिनीची जीभ. दोन्ही अंगांना बंदर, मधे दाटीवाटीनं घरं, टोकाला पाइनची झाडं. जिथे जिवंतांना जागा पुरत नाही तिथे मेलेल्यांना कुठून पुरणार? म्हणून हाडं काढायची, वाइननं धुवायची, पेटीत भरायची, वर नाव घालायचं. पण मातीनं माणूस पुरता खाल्ला नसेल तर पुन्हा झाकून टाकतात आणि आणखी दोन वर्षं थांबतात. दोन वर्षं मला चालली असती. मी एक्क्याऐंशीचा आहे. तेवढ्यात मीच गेलो असतो आणि बोलायचं आपोआप टळलं असतं.

कारण सिदेरिसला पुरलं त्या दिवशी मी शपथ घेतली होती, की त्याची पेटी बंद व्हायच्या आत त्याच्या बायकोला, मारुसोवहिनीला, खरं काय ते सांगायचं. शपथ घेतली तेव्हा तीन वर्षं खूप वाटली होती.

एके काळी ईस्टर झाला की आमच्या गावातून स्पंजाच्या होड्या लिबियाच्या किनाऱ्याकडे निघायच्या. त्यातल्या अगदी शेवटच्या होडीवर आम्ही दोघं होतो. सिदेरिस सत्तावीस वर्षांचा, पाणबुड्या. पितळेचा टोप चढवून वीस वाव, म्हणजे एकशेवीस फूट खाली जायचा. मी बावीसचा, त्याचा दोरीवाला. काम सोपं होतं. दोरी हातात धरायची, समोरच्या वाळूच्या घड्याळावर नजर ठेवायची, वाळू संपली की तीन हिसके द्यायचे. तीन हिसके म्हणजे वर ये. पाण्याखाली माणसाला वेळेचं भान राहत नाही, त्याची वेळ वर दोरीवाल्याच्या हातात असते. तेवढ्या खोलीवर ठरल्यापेक्षा जास्त वेळ राहिला, तर वर आल्यावर रक्तात हवेचे बुडबुडे होऊन माणूस लुळा पडतो, नाहीतर मरतो.

त्या दिवशी जुलैची पहिली तारीख होती. माझ्या नावाच्या संतांचा सण, म्हणजे माझाच दिवस. कप्तानानं मला राकी दारूचा पेला दिला. हवेचा पंप फिरवणारे दोघं माझ्या लग्नावरून चिडवायला लागले, मीही त्यांना उलट टोले देत हसत सुटलो. हसता हसता घड्याळाकडे पाहिलं तर वरचं भांडं रिकामं. वाळू कधी संपली होती देव जाणे. आणि नेमका त्याच क्षणी कप्तान माझ्याकडे वळला.

माझी पाचावर धारण बसली. रिकामं घड्याळ त्याला दिसलं असतं तर त्यानं मला तिथेच बडवलं असतं, आणि पुन्हा कुठल्या होडीवर कुणी उभं केलं नसतं. त्याची नजर पडायच्या आत मी घड्याळ उलटं केलं. आता वाळू नुकतीच पडायला लागलेली दिसत होती, लगेच दोरी ओढली तर कप्तानाला संशय आला असता. मी अर्धी वाळू पडू दिली. त्यापुढे धीर धरवला नाही, ओढली.

सिदेरिस वर आला तो हसतच. आज टोपली काठोकाठ भरली म्हणाला. सिगारेट पेटवली, दोन झुरके घेतले आणि फळीवर कोसळला. कमरेखालचं अंग गेलं ते गेलंच, पुढे कुबड्यांवर जेमतेम चार पावलं टाकण्याइतकंच सुधारलं. कप्तानानं मला विचारलं. मी म्हणालो, मी वेळेवर ओढली होती, तीनदा, तो आलाच नाही. काठोकाठ भरलेली टोपली समोरच होती. आणखी पुरावा कुणाला हवा होता?

गावाला मात्र आयती म्हण मिळाली. कुणी ताटात दुसऱ्यांदा वाढून घेतलं, कुणी बांध सरकवला, की लोक म्हणायचे, सिदेरिस होऊ नकोस, पाय जातील. माझ्या बायकोनं हे आमच्याच पोरांना माझ्यादेखत म्हटलंय. मी पाव चावत बसलो होतो.

सिदेरिस मागच्या बंदरावर जाळी विणत बसायचा. दरवर्षी माझ्या सणाला मी त्याच्या घरी बदामाची मिठाई घेऊन जायचो. दरवर्षी तो विचारायचा, "दोरी ओढली होतीस ना रे?"

"ओढली होती, दादा. तीनदा."

"मग मलाच कळलं नसेल. मोठा स्पंज होता बघ एक, त्याच्या मागे लागलो असेन." पहिल्या वर्षी 'असेन' होतं. पुढे पुढे 'लागलो होतो' झालं. माझं खोटं त्या बिचाऱ्यानं स्वतःच्या हातानं पक्कं केलं.

आता मी धक्क्यावर दुकान चालवतो. शिडाच्या होड्यांतून येणाऱ्या परदेशी लोकांना स्पंज विकतो. तेही बाहेरून येतात, आमच्या गावात आता स्पंजासाठी कोण बुडी मारतंय? ते वाळूचं घड्याळ माझ्या फळीवर आहे. पाहुणे गंमत म्हणून ते उलटं करतात आणि मी त्यांच्यावर खेकसतो.

"काका, आलं," आर्बेन खालून म्हणाला.

देवानं माझं ऐकलं नव्हतं. हाडं सुटी, स्वच्छ, मेणासारखी पिवळी होती. अशी हाडं निघणं म्हणजे पुण्यवान माणूस. शेजारच्या स्तामातानं छातीवर क्रूसाची खूण केली, वहिनीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "बघितलंस ना गं? देवानं त्याचा हावरेपणा पोटात घातला."

मारुसोवहिनी मातीच्या ढिगावरच बसली. पांढरी चादर अंथरलेली होती, शेजारी वाइनची बाटली आणि ताटात मेलेल्याच्या नावानं उकडलेले गहू, वर आमच्याच बागांतल्या डाळिंबांचे दाणे. ती त्या दाण्यांकडे बघत बोलायला लागली.

"देवानं घातला. मी नाही घातला, अनार्गिरी. इतकी वर्षं सूप वाढताना म्हणायचे, खा, तुला कधी पुरलंय म्हणून. रोज म्हणायचे. तो मान खाली घालून खायचा."

मला वाटत होतं, या म्हातारपणी निदान आवाज तरी फुटणार नाही. पण फुटला.

"वहिनी, त्यानं हाव केलीच नव्हती."

"राहू दे. मेल्यावर सगळेच चांगलं बोलतात."

"मी दोरी वेळेवर ओढली नव्हती. वाळू संपली तेव्हा मी हसत होतो. कप्तानाला दिसू नये म्हणून घड्याळ उलटं केलं, आणि तो खाली असताना अर्धी वाळू पुन्हा पडू दिली."

स्तामाताचा हात वहिनीच्या खांद्यावरून खाली आला. आर्बेन परक्या मुलखातून येऊन वीस वर्षं आमच्यात राहिलेला, ती म्हण त्यालाही पाठ होती. तो खड्ड्यातच टोपी काढून उभा राहिला. मी मार खायच्या तयारीत होतो. खरं तर मला मार हवा होता.

वहिनीनं विचारलं, "त्यानं तुला विचारलं होतं?"

"दरवर्षी."

"ती मिठाई मीच बशीत काढायचे," ती म्हणाली.

मग तिनं पदर खोचावा तसा काळा एप्रन वर खोचला आणि चादरीजवळ बसली. कवटी मांडीवर घेतली, तिच्यावर वाइन ओतली आणि तान्ह्या बाळाचं डोकं धुवावं तसं हलक्या हातानं धुवायला लागली. पुटपुटत होती, पण ते माझ्यासाठी नव्हतं. धुऊन झाल्यावर बाटली तिनं माझ्याकडे सरकवली.

"पाय तू धू."

मी गुडघ्यांवर बसलो. सिदेरिसच्या हातांची हाडं दणकट होती, कुबड्यांवर आयुष्य काढलेल्या माणसाची. पायांची मात्र काठीसारखी बारीक आणि हलकी. मी मांडीचं हाड घेतलं, पोटरीचं घेतलं, खाचांमधली माती नखानं काढली. एकेक धुऊन चादरीवर उन्हात ठेवत गेलो. पाठ भरून आली. बाटलीत बोटभर वाइन उरली तेव्हा मी वर पाहिलं.

"झालं का वहिनी? थांबू?"

तिनं माझ्याकडे बघितलंही नाही.

"वेळ झाली की मी सांगेन," ती म्हणाली.

मी पहिलं हाड पुन्हा हातात घेतलं.