न धावता महाग झालेली मी

मी एक जुनी, दोनच माणसं बसतील अशी, बिनछपराची शर्यतीची गाडी आहे. मित्रांनो, माझी कहाणी ऐकायला बसलात, देव तुमचं भलं करो. पण आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव संशयी आहे. कोणी माझी स्तुती करू लागलं की मी त्याच्या तोंडाकडे पाहत नाही, हातांकडे पाहते. हाताला ग्रीस असेल तर स्तुती खरी मानते. नुसत्या अंगठ्याच असतील तर सावध होते. हा स्वभाव मी जन्मतः आणलेला नाही. तो मला डोंबिवलीच्या एका पत्र्याच्या गोदामात जडला. कसा, तेच आज सांगायचं आहे.

माझा जन्म साता समुद्रांपलीकडचा. लाकडी साच्यावर पत्रा ठेवून एका म्हाताऱ्या कारागिराने माझी पाठ हातोडीने ठोकून ठोकून गोल केली. ठोकताना तो काहीतरी गुणगुणत असे. ते भजन होतं की बाजारातलं गाणं, मला कळलं नाही, पण ताल तेवढा अंगात मुरला. मग बोटीतून मुंबई बंदरात उतरले आणि आंबिवलीच्या एका गिरणीतल्या गोऱ्या इंजिनिअरच्या दारात उभी राहिले. दर रविवारी तो मला कल्याणपर्यंत दौडवायचा. रस्त्याकडेची पोरं शेताच्या बांधावरून पळत यायची, आणि मी वाऱ्याशी भांडत पुढे जायची. तो मायदेशी गेला, मागून आलेल्या साहेबांना चार माणसांची गाडी हवी होती, आणि मी बंगल्यातून शेडमध्ये, शेडमधून भंगारात गेले. सगळं अगदी सावकाश झालं. माणसं एखाद्याला विसरतात तेव्हा एका दिवसात विसरत नाहीत.

सन एक्याऐंशी साली गिरणीने भंगाराचा लिलाव काढला. ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातले गोमाजी त्या लिलावाला आले होते. त्यांनी मला लोखंडाच्या भावात घेतलं. मी मनात म्हटलं, या पांढऱ्या केसांच्या माणसाला वेगाची भलतीच हौस दिसते. कसली हौस! त्यांना माझं इंजिन काढून होडीला बसवायचं होतं. कल्याणच्या मेकॅनिकने बॉनेट उघडून पाहिलं आणि हात जोडले.

"काका, हे इंजिन पेट्रोल पितं घागरीनं. आणि खाडीचं खारं पाणी त्याला एक दिवस सोसायचं नाही."

"मंग हिचं करायचं काय?"

"पूजा करा."

गोमाजींनी ते वचन खरं केलं. खाडीकाठच्या शेडात होडीच्या शेजारी मला जागा मिळाली. नारळी पौर्णिमा जवळ आली की त्यांची सून मनुबाई होडीच्या लाकडाला मोरी माशाचं तेल चोळायची. उरलेल्या तेलाचा फडका ती माझ्या पोटाखालून फिरवायची. गाडीला कोणी माशाचं तेल लावतं का? तिला विचारलं तर म्हणायची, "खारा वारा लाकूड खातो, तसा पत्राबी खानार." आठ दिवस माझ्या अंगाला वास यायचा. पण मित्रांनो, खाडीच्या वाऱ्यात भले भले पत्रे चाळणीसारखे झाले, माझ्या पोटाला मात्र गंज शिवला नाही.

गोमाजी देवाघरी गेल्यावर त्यांचा मुलगा दामाजी मला चालवू लागला. देवळातल्या सप्ताहाला महिपतबुवांना स्टेशनावरून आणण्याचं काम माझ्याकडे असे. बुवा शेजारच्या सीटवर, मृदंग मागे दोरीने बांधलेला, आणि मृदंगवाला बिचारा रिक्षाने. बुवा उतरताना माझ्या दारावर थाप मारून म्हणायचे, "रथ बरा आहे, सारथी जरा हळू हवा." मग मी देवळाबाहेर उभी राहून सबंध कीर्तन ऐकायची. जे चार शहाणपणाचे शब्द मला येतात, ते तिथलेच.

एकदा बुवांनी नारळाचा दृष्टांत दिला. एका मोठ्या देवस्थानात भक्त नारळ वाहतात. पुजारी तो न फोडता मागच्या दाराने दुकानात पाठवतो. दुकानदार तोच नारळ पुढच्या भक्ताला चार आणे वाढवून विकतो. "असा तो नारळ वर्षभर फिरला," बुवा म्हणाले, "भाव चढला, मान चढला. पण बाबांनो, तो ना देवाला पोचला ना माणसाला. आतलं पाणी कधीच आटलं होतं. हलवून बघायला मात्र कोणी तयार नव्हतं." लोक हसले. मीही मनात हसले. हा नारळ पुढे मलाच व्हायचं आहे, हे मला कुठे ठाऊक?

सन अठ्ठ्याऐंशी साली सहदेव नावाचा डोंबिवलीचा दलाल आला. आधी तो घरं भाड्याने द्यायची दलाली करायचा. त्याच्या हातात एक गुळगुळीत परदेशी मासिक होतं.

"दामाजीभाऊ, ही बघा हिची बहीण. विलायतेत घराच्या किमतीला गेली. दरवर्षी दुप्पट होतंय. जुन्या शर्यतीच्या गाड्या आता देवानं घडवायच्या बंद केल्या, म्हणजे भाव चढतच राहणार."

त्याने तीस हजार पुढे केले. दामाजीच्या होडीचं इंजिन तेव्हा दर चार दिवसांनी दम टाकत होतं. त्याने मला विकलं आणि होडीला नवं इंजिन बसवलं. मला राग आला नाही. त्याचं पोट पाण्यावर होतं, माझ्यावर नव्हतं. निघताना त्याने स्टिअरिंग हातानं पुसलं, तेवढं मला पुरलं.

गोदामात मला कापडाखाली झाकलं आणि खरी गंमत सुरू झाली. रतनशेठ नावाचा एक जण आला, त्याने मला साठ हजारांना घेतलं. घेतलं म्हणजे काय, कागद घेतला. मी जागची हलले नाही. तीन महिन्यांनी रतनशेठकडून त्याच्या मेव्हण्याने नव्वदला घेतलं. मेव्हण्याकडून पुन्हा सहदेवानेच एक लाख दहाला घेतलं. दोन वर्षांत माझा मालक चारदा बदलला आणि माझा काटा एक मैलाने पुढे सरकला नाही. एकानेही किल्ली फिरवली नाही. एकाने तर फोटो काढताना विचारलं, "इंजिन कुठल्या बाजूला असतं हिचं?" मी वरून चमकत होते. आत बॅटरी मेली होती, रबर वाळत होतं. वाढत होतं ते नेमकं काय? मी तर तीच होते, उलट थोडी कमी झाले होते. तेव्हा मला बुवांचा नारळ आठवला आणि संशयाने माझ्या मनात घर केलं.

दामाजी मात्र अधूनमधून मला भेटायला यायचा. दर खेपेला सहदेव त्याच्या कानात नवा आकडा घालायचा. "तीसला दिलीत हो तुम्ही. आज दीड लाख म्हणतात. घेऊन टाका परत, दिवाळीला दोन करून देतो." दामाजीचा चेहरा उतरायचा. आपण लक्ष्मी हाकलली असं त्याला वाटू लागलं. आणि एके दिवशी तो म्हणाला, "होडीला गिऱ्हाईक बघितलंय. होडी, इंजिन, जाळी, सगळं मिळून दीड येतात."

मित्रांनो, माझं मन दोन्हीकडून ओढलं गेलं. मला घरी जायचं होतं. खाडीचा वारा, देवळाचे टाळ, सगळं मला हवं होतं. पण माझ्यासाठी होडी जाणार होती, म्हणजे त्या घराची चूलच जाणार होती. या गोदामात काय चाललंय ते मी एकटी जाणत होते, आणि मला तोंड नव्हतं.

सन नव्वदच्या एका रविवारी, भर दुपारी, दामाजी सौदा करायला आला. सोबत मनुबाई होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं. स्वतःहून टेम्पोत चढून बसली होती. दारात ती चपला काढू लागली.

"वहिनी, राहू द्या, गोदाम आहे हे," सहदेव म्हणाला.

"कापडाखाली झाकून ठेवलंय, मना वाटलं देव हाय."

रतनशेठ आधीच खुर्चीवर बसला होता. तोही गिऱ्हाईक म्हणून आलाय, असं सहदेवाने सांगितलं. मनुबाईने माझं बॉनेट उचललं. माशाचा कल्ला उचलून लाल आहे की काळा हे बघतात ना, अगदी तसं. मग खाली वाकून पोटावरून बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं.

"हे माज्याच हातचं तेल. दोन वर्सं झाली, कोनी फडका नाय मारला. कवा चालवली होती?"

"ही चालवायची वस्तू नाही, वहिनी. ठेवायची. जितकी कमी चालेल तितका भाव जास्त."

"मंग लोनच्याची बरनी म्हना की. गारी कशाला म्हनता?"

दामाजी ओशाळला. "मनू, तू गप ऱ्हा. हा मोठा धंदा हाय."

बोली सुरू झाली. रतनशेठ एक तीस म्हणाला. दामाजी एक पस्तीस. रतनशेठ एक चाळीस. दामाजीच्या कपाळावर घाम आला, आकडा चढत गेला. मनुबाई आकडे ऐकतच नव्हती. तिने वीस वर्षं धक्क्यावर मासळीच्या लिलावात उभं राहून काढली होती. तिथे बायका एक खूण सांगतात: खरा घेणारा टोपलीकडे बघतो, आणि भाव चढवायला उभा केलेला माणूस लिलाववाल्याकडे. ती रतनशेठच्या डोळ्यांकडे बघत होती. त्या डोळ्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. प्रत्येक आकड्याआधी ते सहदेवाकडे जात.

"एक साठ," रतनशेठ म्हणाला.

दामाजीने तोंड उघडलं. मनुबाईने त्याचं मनगट धरलं.

"आमी सोडली. शेठ, गारी तुमची झाली. घेऊन जा."

रतनशेठने सहदेवाकडे पाहिलं. सहदेव भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहू लागला.

"म्हणजे वहिनी, रतनशेठ जरा विचार करून…"

"बोली केल्यावर विचार? आमच्याकडं टोपली सुटली की उचलावीच लागते. नायतर दुसऱ्या दिवशी धक्क्यावर कोनी उभा करत नाय."

ती दामाजीला ओढत घेऊन गेली. दारातून त्याचा आवाज मला ऐकू आला, "तुज्यामुळं माजी गारी गेली." मित्रांनो, ती बाई माझ्या घराचा दरवाजा लावून गेली होती, आणि मला तिचे पाय धरावेसे वाटत होते.

आठ दिवसांनी दामाजी एकटा आला. रतनशेठने मला नेलं नव्हतंच. सहदेव जवळ सरकला. "तुमच्यासाठी म्हणून एक चाळीसला देतो. बरं, एक वीस." घसरत जाणारा आकडा ऐकून रतनशेठची बोली खोटी होती हे दामाजीला उमगलं. तो तसाच होडीच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणून सांगायला निघून गेला.

पुढे विलायतेतला भाव कोसळल्याची बातमी आली. तो चढला तेव्हा माझ्यात काही भर पडली नव्हती, उतरला तेव्हा काही झडलं नाही. सहदेव मला तिथेच टाकून प्लॉटच्या धंद्याला लागला. कापडावर धूळ, कापडाखाली उंदीर, अशी मी सहा वर्षं काढली. सन शहाण्णव साली गोदामाच्या मालकाला तिथे गाळे काढायचे होते. त्याने भंगारवाल्याला बोलावलं, आणि कुठून कानावर आलं देव जाणे, दामाजीही आला. त्याने एकच प्रश्न विचारला.

"चालते का?"

आठ वर्षांत हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला. मालक हसला. भंगारवाला देत होता त्यावर शंभर रुपये ठेवून दामाजीने मला ठाकुर्लीवरून दोरीने ओढत कल्याणच्या गॅरेजात नेलं. तीन महिने लागले. डावं दार अजून नीट लागत नाही.

आता मी काय करते म्हणता? रोज पहाटे बर्फाच्या कारखान्यातून होडीसाठी बर्फाच्या लाद्या आणते. गोणपाटात गुंडाळलेला बर्फ शेजारच्या सीटवर बसतो. त्याच्या पाण्याने पत्रा गंजणार, हे मला कळतं. मनुबाईला माझ्याआधी कळतं, म्हणून तेलाचा फडका आता वर्षातून चार वेळा फिरतो.

परवाच मनुबाई लाद्या चढवत असताना कारखान्यापाशी एक परीटघडीच्या कपड्यांतला माणूस थांबला. ओघळणारं पाणी पाहून त्याने डोक्याला हात लावला. "अहो बाई, हिचे भाव पुन्हा चढायला लागलेत. तुम्हाला हिची किंमत माहीत आहे का?"

मी त्याच्या हातांकडे पाहिलं. स्वच्छ होते.

"म्हाईत हाय," मनुबाई म्हणाली. "बाजूला व्हा दादा, बरफ थांबत नाय."

भाव पुन्हा चढतील, पुन्हा पडतील. ते कुठवर टिकतील, हे मला विचारू नका. ज्यांनी मला कधी चालवलं नाही, त्यांनी चढवलेला भाव त्यांच्याच मर्जीने उतरणार. तुम्ही एवढं करा, मित्रांनो. घरात एखादी जुनी सायकल असेल, शिलाई मशीन असेल, आजोबांची पेटी असेल, तर महाग होईल म्हणून तिला झाकून ठेवू नका. धूळ पुसा, दोन थेंब तेल द्या आणि वापरा. आम्हाला किंमत कळत नाही हो. आम्हाला फक्त हात कळतो.