खालचा माणूस

लाइनमन हरिओमनं खांबावर कमरेचा पट्टा अडकवला आणि दोरी वर ओढली. दोरीच्या टोकाला लेथवाल्या परमेश्वरनं स्वतःच्या हातानं बनवलेलं हत्यार होतं, साडेचार किलोचं. एरवी हत्याराचं डोकं वर जाताना त्याच्या मागून तेलाची जाड नळी जायची आणि नळीचं दुसरं टोक खाली अकरा किलोच्या पंपात असायचं. आज मागून काहीच गेलं नाही.

खाली परमेश्वरचा थोरला भाऊ वैजीनाथ उभा होता. वर माणूस असताना गेल्या अठरा वर्षांत त्याचे हात कधी मोकळे राहिले नव्हते. ते कुठं ठेवावेत हे त्याला उमजेना. शेवटी त्यानं ते पाठीमागं बांधले.

सोनपेठच्या शिवारात विजेच्या लाइनच्या ठेकेदाराची माणसं जोडीनं काम करत. केबलच्या टोकाला ॲल्युमिनियमची टोपी घालायची, तिला लग म्हणतात, आणि ती बारा टनांच्या जोरानं दाबून केबलशी एकजीव करायची. वरचा माणूस हत्यार धरी आणि खालचा पंपाचा दांडा मारी. वरच्याला खालचं काही दिसत नाही, खालच्याला वरचं, म्हणून मध्ये मोजणी. चौदा दाब. वैजीनाथ मोठ्यानं मोजायचा, चौदा झाले की "बस्स" म्हणायचा, आणि वरून "हाय" अशी आरोळी आली की दांडा सोडायचा. त्याची मोजणी तीन वावरं पलीकडं ऐकू जाते, अशी चेष्टा होत असे.

पण काळ्या चिखलातून तो पंप खांद्यावर घेऊन खांबाखांबाला हिंडताना उजवा खांदा गेला. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको सरजावहिनी त्या खांद्याला तेल चोळत होत्या, तेव्हा तो परमेश्वरला म्हणाला होता, "एवढा लेथ चालवतूस, ह्या पंपाचं वजन तेवढं कमी कर की रं."

मागणं एवढंच होतं. परमेश्वरनं बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, अंग काढून ॲल्युमिनियमचं केलं, आत पोलादाची नळी बसवली आणि पंप सहा किलोवर आणला. तेव्हाच तो भावाच्या हातात देऊन मोकळा झाला असता तर पुढचं काही सांगायची वेळ आली नसती. पण कारागिराला एकदा खूळ लागलं की तो थांबतो कुठं! त्यानं दोन दट्ट्ये केले: जबडा झटपट मिटायला एक जाड, आणि खरा जोर लावायला पेन्सिलीएवढा बारीक. हत्यार उलटं धरलं तरी हवा शिरू नये म्हणून तेल रबरी पिशवीत भरलं. सायकलच्या ट्यूबची पिशवी तेलानं फुगून फुटली, मग टिकणारा रबर परभणीहून आणला. आणि एके दिवशी त्याच्या ध्यानात आलं, की पंप आता इतका लहान झालाय की तो हत्याराच्या मुठीतच मावतो.

पुरता जोर आला की आपोआप टक्‌ असा आवाज व्हावा म्हणून त्यानं आत स्प्रिंगचा व्हॉल्व्ह बसवला. मात्र बारीक दट्ट्याचं माप मुद्दाम असं धरलं की इथंही चौदाच दाब बसावेत. दादाची मोजणी मोडायला नको.

खांबावर टक्‌ वाजलं.

"झालं!" हरिओम वरून ओरडला.

जीपच्या सावलीतून ठेकेदार माणिकराव पुढं आले. त्यांनी खांबाकडं पाहिलं, मग मोकळ्या जमिनीकडं.

"आन् खाली कोण लागतंय मग?"

"कोणीच न्हाई, मालक," वैजीनाथशेजारी उभा असलेला परमेश्वर छाती फुगवून म्हणाला. "एकटा माणूस करतो."

तोंडातून गेलं ते गेलं. त्यानं भावाकडं पाहिलं. वैजीनाथ अजून वरच बघत होता.

माणिकरावांच्या पाच जोड्या होत्या. त्यांनी पाच हत्यारं बनवायला सांगितली. सोमवारी पाच खालच्या माणसांना घरी बसायला सांगितलं. वैजीनाथ सगळ्यात जुना, म्हणून त्याला सगळ्यात आधी सांगितलं. एवढा मान मात्र राखला.

परमेश्वर धावत गेला.

"मालक, खाली माणूस ठिवा. वर कोणी असताना लाइन चालू झाली तर?"

"ते मी बघतो," माणिकराव म्हणाले. "तूच म्हनलास ना, कोणीच न्हाई म्हणून?"

त्यानंतरचे आठ दिवस परमेश्वरनं लेथवर खाली मान घालून काढले. लोक हत्याराचं कौतुक करत आणि त्याला स्वतःची शरम वाटत राही. पाचही हत्यारं तयार झाली. पेटीत भरण्याआधी त्यानं एकेकाचा व्हॉल्व्ह उघडला आणि स्प्रिंगचा स्क्रू अर्धा आटा ढिला केला. आता टक्‌ लवकर वाजणार होतं. लग दाबल्यासारखा दिसला असता, पण जोड कच्चा राहिला असता. दोन-चार जोड निघाले की हत्याराचं नाव खराब होईल, जुने पंप बाहेर निघतील आणि त्यांच्यामागं खालची माणसंही. लाइन चालू होण्याआधी तपासणीत कळेलच, असं त्यानं स्वतःला बजावलं. दोनदा बजावलं.

दुपारी वैजीनाथ दुकानात आला.

"घरात बसवंना," तो म्हणाला. "हाताला काही दे."

"पुसून पेटीत ठेव, दादा. बाकी झालंय."

वैजीनाथनं एक हत्यार पुसलं, हातात तोललं. मग बाकावरचा केबलचा तुकडा उचलला, त्याला लग घातला, जबड्यात धरला आणि दाबायला सुरुवात केली. आवाज आपोआप मोठा झाला. नऊ, दहा, अकरा.

टक्‌.

तो थांबला. "अकराला वाजलं."

"नवीन हाय. तेल बसंल हळूहळू."

वैजीनाथनं दुसरं घेतलं. अकरा. तिसरं, चौथं, पाचवं. मग त्यानं एक लग मुठीत धरून ओढला. तो केबलवरून निघून हातात आला. त्यानं तो परमेश्वरच्या पुढ्यात ठेवला.

"पाचाच्या पाचाचं तेल बसायचं राहिलं व्हय?"

परमेश्वरचा धीर सुटला. "दादा, जोड निघाले की मालक जुने पंप काढतील. तुला बोलावतील. माझ्या तोंडानं तुझं काम गेलं, आता मीच..."

"निघाले की म्हंजे? हरिओम वर असताना निघाला तर?"

परमेश्वरनं पुढ्यातला लग बाजूला सारला.

"खाली तर कोणीच न्हाई," वैजीनाथ म्हणाला. "पाना दे."

त्यानं व्हॉल्व्ह उघडला. पाना फिरवताना खांदा दुखला तसं त्यानं दात आवळले. परमेश्वर मदतीला पुढं झाला.

"बाजूला सर," वैजीनाथ म्हणाला. "मी करतो."

अर्धा आटा आवळून झाला. नवा लग जबड्यात बसला. वैजीनाथ मोजू लागला, खांबाखाली मोजायचा तसाच, मोठ्यानं. रस्त्यावरची दोन माणसं वळून बघायला लागली. बारा, तेरा, चौदा. टक्‌.

"बस्स!"

म्हणाला आणि सवयीनं त्यानं वर पाहिलं. वर दुकानाचे पत्रे होते. तरी तो तसाच मान वर करून थांबला, दोन श्वास जातील एवढा वेळ.

परमेश्वरनं "हाय" म्हणायला तोंड उघडलं. मग ते मिटून दुसरं हत्यार उचललं.

वैजीनाथनं हत्यार पुसलं, पेटीत नीट ठेवलं आणि दुसऱ्यासाठी हात पुढं केला.