रेडिओवाल्याची जागा

नल्लकुंट्याच्या राममंदिरात कीर्तनाचा पूर्वरंग संपला, टाळ थांबले आणि एकनाथबुवांच्या गळ्यात हार पडला. ओळीओळीतून बुक्का लावला जात होता. तेवढ्यात भामाबाई उठल्या नि भर सभेत म्हणाल्या, "बुवा, एक हार ह्या विक्रमलाही घाला. माझ्या प्रशांतसाठी ह्यानं स्वतःची पाळी सोडली!"

"काकू, नक्को ना," विक्रम पुटपुटला.

"लाजतोय बघा! कमांडो म्हणे!" बायकांत हशा पिकला. बुवांनी मोठ्या प्रेमानं त्याला हार घातला. ती शेवंतीची फुलं विक्रमला अंगावर निखारे ठेवावेत तशी वाटली.

पाळी सोडली होती, हे खरं. विमानातून छत्रीनं उडी घेणाऱ्या त्यांच्या तुकडीत सहा जण. कुणी सुरुंग पेरणारा, कुणी मलमपट्टी करणारा, एक रेडिओवाला. एक गळला तर त्याच कामाचा दुसरा जातो, त्याच्याशिवाय तुकडी हलत नाही. गेल्या उन्हाळ्यात आफ्रिकेत शांतिसेनेसोबत जायचा हुकूम आला. रेडिओवाला विक्रम होता. राखीव होता प्रशांत, त्याच्याच गल्लीतला. नेमकं तेव्हा विक्रमच्या खिशात शहराबाहेरच्या एका नव्या, काचेच्या इमारतीतल्या कंपनीचं पत्र होतं. सुरक्षा अधिकाऱ्याची जागा, दोन महिन्यांत रुजू व्हायचं. फौजेतली मुदत संपतच आली होती, पण आफ्रिकेला गेला असता तर वेळेत परतता आलं नसतं. कान दुखतो म्हणाला. कान दुखत असला की उडी बंद. दुखणं डॉक्टरलाही दिसत नाही. कागदावर सही झाली आणि प्रशांत गेला.

ओलीस धरलेल्यांना सोडवून आणताना त्याची जीप सुरुंगावर गेली. उजवा पाय गुडघ्याखाली राहिला नाही.

विक्रम बाहेर आला, चपलांपाशी उभा राहिला. भामाबाई मागोमाग आल्या.

"काय रे? उत्तररंग ऐकणार नाहीस? बुवांचा खरा रंग तर आता चढतो."

"काकू, माझा कान दुखत नव्हता."

"हौ, माहीत आहे ना! प्रशांतनंच सांगितलं. त्याला जायची केवढी हौस, म्हणून तू कानाचं निमित्त काढलंस."

"त्याच्यासाठी नाही काढलं. मला नोकरी लागत होती. प्रशांत मनातही नव्हता माझ्या, काकू. कोण जाईल, त्याचं काय होईल, काहीसुद्धा नाही."

भामाबाई थबकल्या. आत पेटीचे सूर लागले, बुवांनी आख्यानाची पहिली ओवी उचलली. आरती झाल्याशिवाय देवळातून पाऊल न काढणाऱ्या त्या बाईनं एकदा मागं वळून पाहिलं, लांबूनच हात जोडले आणि चपला पायांत सरकवल्या.

"चल."

"कुठं?"

"फोन करायला. पुण्याच्या लष्करी दवाखान्यात सातनंतर फोन घेऊ देतात."

"त्याला आत्ता नको, काकू. आधीच पाय गेलाय त्याचा."

"वॉर्डातल्या पोरांना तो रोज तुझी गोष्ट सांगतो. दोस्त असावा तर असा, म्हणतो. ते तसंच ठेवायचं? मला सांगून मोकळा होऊ नकोस, विक्रम. त्याच्या वतीनं माफ करायचा मला काय अधिकार?" त्या पायरी उतरू लागल्या. "आणि माझ्याकडे आत्ता माफीबिफी मागू नकोस. माझ्यानं नाही व्हायचं."

कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये भामाबाईंनी पाठ असलेला नंबर स्वतः फिरवला. "मीच रे. बरा आहेस ना? जेवलास? विक्रमशी बोल," एवढंच म्हणून त्यांनी रिसीव्हर त्याच्या हातात दिला नि बाहेर येऊन काचेचं दार लावून घेतलं.

"अरे विक्या! काय मियाँ, सायब झालास म्हणे! ऐक, परवा मला कुबड्यांवर चालवलं. सिस्टरबाई म्हणते, डान्स करू नका! आणि तो सुरुंगवाला आपला..."

प्रशांत खळखळून हसत होता. त्याला असंच बोलू दिलं तर फोन सुखानं संपेल, हे विक्रमला चांगलं कळत होतं. काचेपलीकडे भामाबाई पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"प्रशांत, थांब," तो म्हणाला. "हसू नकोस. आधी माझं ऐक."