दुखत नाही

नाग्यंगचा जीव थाऱ्यावर नव्हता. बुसानच्या या इस्पितळात रोज लोकांना भूल देणारी डॉक्टरीण ती, पण आज पलंगावर तिची आई होती.

आतड्यातली गाठ काढून झाल्यावर पोटाच्या दोन्ही बाजूंना सुई घालून नसा बधिर केल्या होत्या. सुई सहकाऱ्याची, हट्ट नाग्यंगचा. आई तर ऐकायलाच तयार नव्हती. "तुम्हा दोघींच्या वेळी पोट फाडलं माझं. दात आवळून पडून राहिले. आताच काय धाड भरलीय?"

आता ती भिंतीकडे तोंड करून रडत होती. नाग्यंगने बर्फाचा खडा आधी तिच्या खांद्याला लावला, मग पोटाला.

"गार लागतंय?"

"खांद्याला लागलं. पोटाला नाही."

"मग आत दुखतंय का? अंगावर काढू नकोस, आई."

"नाही म्हटलं ना एकदा."

मग रडतेय कशाला? नाग्यंगने नाडी पाहिली, पट्टी पाहिली, पुन्हा नाडी पाहिली. बाहेर बाकावर थोरली बहीण मीसुक बसून होती. आली होती, पण आत पाऊल टाकत नव्हती. तिच्या बाळंतपणात पोटावरचे टाके दुखतात म्हणून ती विव्हळली, तेव्हा बाळंतिणीला द्यायचं समुद्री शेवाळाचं सूप घेऊन गेलेल्या आईने नर्सदेखत तिला झापलं होतं, "गप पड. तूच काय जगावेगळी बाळंतीण?" तिचा मुलगा शाळेत जायला लागला तरी मायलेकींचा अबोला सुटला नव्हता. नाग्यंगला दोघींचाही राग यायचा.

"बस की जरा. मघापासून नुसत्या घिरट्या घालतेयस," आई म्हणाली.

"तू का रडतेयस ते सांग आधी."

आईने डोळे पुसले. "ही सुई तेव्हा होती?"

"तुझ्या वेळी नव्हती."

"मीसुकच्या वेळी?"

खोटं बोलणं सोपं होतं, पण नाग्यंगने खरं सांगितलं. "होती. डॉक्टर द्यायला तयार होते. तू नको म्हणालीस, म्हणून ताईने घेतली नाही."

"मला वाटलं, बाळंतिणीला दुखायलाच हवं," आई म्हणाली. मग म्हणाली, "बोलव तिला."

मीसुक आत आली, पण पलंगापासून लांबच उभी राहिली.

"फार दुखतंय का?" तिने विचारलं.

आईने पोटावर उशी घट्ट धरली. "नाही गं, मीसुक," ती हुंदके देत म्हणाली. "अजिबात दुखत नाही."