दगडाशेजारची जागा

पूर्व तिमोरच्या नाक्यावरच्या शिपायाने पेटी उघडायला लावली नाही. त्याने चर्चचं पत्र वाचलं, पेटीवरच्या विणलेल्या कापडाला हात लावून छातीवर क्रूस काढला आणि विचारलं, "कोण?"

"वडील."

"आले म्हणायचे घरी," तो म्हणाला आणि ओलांदिनाच्या इंडोनेशियन पासपोर्टावर त्याने पाहुण्यांचा तीस दिवसांचा शिक्का मारला.

आपल्याला बापाशेजारी निजवा, असं तिचे वडील अब्राँव मरण्यापूर्वी तीनदा बोलले होते. नव्याण्णव साली, इंडोनेशियापासून सुटण्याच्या सार्वमतानंतर गावं पेटली तेव्हा, ते जाळणाऱ्यांचा ट्रक चालवत सीमेपार इंडोनेशियात गेले आणि पुढची बावीस वर्षं त्यांनी अताम्बुआच्या छावणीत पत्र्याखाली काढली. ओलांदिना तिथेच जन्मली, दोन हजार तीन साली. वडिलांचं गाव लेउसा तिने कधी पाहिलं नव्हतं, पण कोणत्या चिंचेखाली कोणाची म्हैस बांधत, हे तिला पाठ होतं. पिशवीत वडिलांचा बाप्तिस्म्याचा दाखला होता. तो दाखवलास की तिकडची नागरिक होशील, असं छावणीतल्या मास्तरांनी तिला सांगितलं होतं.

झेफेरिनो काकांनी अंगणात चटई अंथरली आणि सुपारीची टोपली पुढे सरकवली. पेटीकडे त्यांनी पाहिलं नाही.

"येताना शाळा बघितलीस?"

"हो. वडिलांचंच नाव आहे."

"मोठ्या अक्षरांत," बाल्बिना आत्या म्हणाली. "दरवर्षी पोरं रंग देतात. गेल्या साली निम्मा रंग एकमेकांनाच दिला मेल्यांनी."

काकांनी मग सगळं सांगितलं, पंचनामा वाचावा तसं. अब्राँवचा पत्ता लागेना म्हणून त्यांनी कोंबडं कापलं, आतडी पाहिली. मेला, असा कौल निघाला. प्रेत मिळालं नाही तर नदीतला दगड कापडात गुंडाळून पुरायचा, ही रीत. तसा बापाशेजारी पुरला. वर नाव घातलं. पुढे सरकारचे लोक हुतात्म्यांची यादी करत आले आणि थडग्यावरचं नाव उतरवून घेऊन गेले.

"कोंबडं खोटं बोललं," ओलांदिना म्हणाली.

"कोंबड्याचं नाव कशाला घेतेस? आतडी वाचणारा मी होतो."

"पत्र आलं ते सांग की," आत्या म्हणाली.

"आलं. दोन हजार सहा साली. जिवंत आहे, तीन वर्षांची मुलगी आहे." काकांनी सुपारी फोडली. "तोवर शाळेला नाव लागलं होतं. देश चार वर्षांचा होता, पोरी. चार वर्षांच्या लेकराला सांगायचं का, तुझा हुतात्मा पलीकडे ट्रक धुतोय म्हणून?"

"त्यांना शाळेचं कळलं होतं," ओलांदिना म्हणाली. "आधी हसले. मग दोन दिवस बोलले नाहीत."

काका म्हणाले, "जागा आहे. दगडाशेजारी. खिंडीत हाडं सापडली असं सांगू. प्रशासक येतील, फादर येतील, पेटीवर झेंडा पडेल."

"आणि मी?"

"हाडं तुला सापडली. तू पलीकडची पाहुणी."

"मी त्यांची मुलगी आहे, काका."

"नव्याण्णवात मेलेल्या माणसाला दोन हजार तीनमध्ये मुलगी होते होय?"

"एवढा चमत्कार फादरसुद्धा मान्य करायचे नाहीत," आत्या पुटपुटली आणि तोंड फिरवून तिने डोळे पुसले.

"नाही ऐकलं तर?"

"तर पेटी उचल. मी अडवणार नाही. पण गाव विचारेल, आणि मला सांगावं लागेल. इथं बारा घरं जळाली."

"त्यांनी जाळली?"

"ट्रक त्याचा होता."

ओलांदिना दोन दिवस पेटीशेजारी निजली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने दाखला काढला, एकदा वाचला, घडी घातली आणि पेटीचं झाकण उचलून हाडांजवळ सरकवला. मग काकांना हाक मारून म्हणाली, "खिळे ठोका."

आत्याने तिच्या बाहीवरची सुतकाची काळी चिंधी सोडली. बाप गावात निजेपर्यंत उतरवायची नाही, असं ओलांदिनाने ठरवलं होतं. "पाहुणे घालत नाहीत," आत्या म्हणाली. ती चिंधी उतरवायचा मान रीतीनेही आत्याचाच असतो. दोघींना ते ठाऊक होतं.

शनिवारी दफन झालं. मुलांनी राष्ट्रगीत म्हटलं. काका थडग्याशी उभे राहून घराण्यातल्या एकेकाला नावाने पुकारत होते. ज्याचं नाव येई तो पुढे होऊन मूठभर माती टाकी. शेवटी ते खणखणीत आवाजात म्हणाले, "अब्राँवला मूलबाळ नव्हतं."

ओलांदिना पाहुण्यांच्या ताडपत्रीखाली होती. तिच्या हातातली कॉफी निवली होती. प्रशासकांनी येऊन तिचा हात हातात घेतला. "देश तुमचा आभारी आहे, बाई. तुम्ही मूळच्या कुठल्या?"

काका मातीकडे बघत होते.

"पलीकडची," ती म्हणाली.

सोमवारी नाक्यावर तोच शिपाई होता. त्याने पासपोर्ट चाळला. "अजून तेवीस दिवस आहेत की! इतक्यात निघालात?"

"काम झालं."

"वडील नीट पोचले?"

"पोचले."

त्याने बाहेर जाण्याचा शिक्का मारला. रिकाम्या हातांनी काय करावं ते न सुचून तिने ते खांद्यावरच्या पिशवीत खुपसले आणि ती सीमेवरचा पूल उतरून गेली.